कोविडकाळात किशोरवयीन मुलांचे नैराश्य: धोका नेमका कुणाला होता?

कुळागर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी गोव्यात, फोंडा तालुक्यात उच्च माध्यमिकला शिकवते. पुढच्या महिन्यात पालक-शिक्षक संघाच्या सभेत मला अर्धा तास मिळाला आहे आणि विषय मी स्वतःहून मागून घेतलाय. कोविडच्या दोन वर्षांत वयात येणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य कशामुळे वाढले, जास्त धोका कुणाला होता, आणि उद्या पुन्हा शाळा महिनोन्‌महिने बंद ठेवायची पाळी आली तर आधी कुणाच्या घरी फोन करायचा, असा तो विषय.

पालकांशी बोलताना हा विषय निघाला की बहुतेकांकडे उत्तर तयार असते: मोबाइल. मला एवढ्यावर थांबणे पटत नाही. त्या काळात मी ज्या वर्गांना ऑनलाइन शिकवले त्यात एक मुलगी होती. हजेरीला चॅटमध्ये "प्रेझेंट मिस" लिहायची आणि तास संपेपर्यंत गप्प. कॅमेरा बंद. गृहपाठाचे फोटो मात्र वेळेवर, अक्षर सुरेख. नोव्हेंबर २०२० मध्ये दहावी-बारावीचे वर्ग भरू लागले तेव्हा ती समोर आली आणि मला ओळखायला वेळ लागला. गणवेशाचा स्कर्ट कमरेला पिन लावून आवळलेला, नखे कातडीपर्यंत कुरतडलेली. आईला बोलावून विचारले तर म्हणाली, "शहाणी झालीय हो ती आता, अजिबात त्रास देत नाही."

तुम्ही तुमच्या घरात, वाड्यावर, वर्गात काय पाहिलेत ते लिहा. मुलांची नावे आणि शाळा नकोत. मानसशास्त्राकडचे कोणी असेल तर अभ्यास काय सांगतात तेही हवे आहे.

जुना मास्तर | सोमवार, रात्री १०.२५

कुळागरताई, विषय चांगला घेतलात. माझा एक प्रश्न आहे आणि तो मनापासून विचारतो. संकट सगळ्यांवर आले होते, टाळेबंदी सगळ्यांना सारखीच होती. माझ्या घरात दोन नातवंडे, एकाच चुलीवरचे जेवणारी. धाकटा दहा वर्षांचा. त्याने भाटात माड शिंपले, गरी घेऊन मानशीवर, म्हणजे बांधाच्या पाणदारावर, बसला, मजेत दिवस काढले. थोरली चौदाची. ती मात्र मिटत गेली. जेवायला हाक मारली तर यायची, पण ताटात बोट फिरवत बसायची.

आम्हीही लहानपणी टंचाई पाहिली, वीज नसलेली घरे पाहिली, देवीची साथ पाहिली. मग एकाच घरात एका पोराला होते आणि दुसऱ्याला होत नाही, ते का?

मांडवीकाठ | सोमवार, रात्री ११.१०

मास्तर, सगळा विषय तुमच्या प्रश्नात आला. मी समुपदेशनाचे काम करते, बहुतेक करून १३ ते १९ वयाच्या मुलांबरोबर. जमेल तेवढे सांगते.

आधी आकडे. ऑगस्ट २०२१ मध्ये 'जामा पेडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठे विश्लेषण आले. जगभरातले २९ अभ्यास, मिळून ८०,८७९ मुले. त्यात २५.२ टक्के मुलांमध्ये नैराश्याची आणि २०.५ टक्के मुलांमध्ये चिंतेची लक्षणे उपचाराचा विचार करावा इतकी होती. साथीच्या आधीच्या एका मोठ्या अंदाजात नैराश्याचा हाच आकडा १२.९ टक्के होता, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे आकडे प्रश्नावलीवरचे आहेत, डॉक्टरांनी केलेल्या निदानाचे नाहीत. सभेत सांगताना "चारातल्या एकाला आजार झाला" असे म्हणू नका. "चारातल्या एकात लक्षणे दिसली" असे म्हणा.

आता तुमची नात. त्याच विश्लेषणात तीन गोष्टी ठळक आहेत: मुलींमध्ये प्रमाण जास्त, मोठ्या वयाच्या मुलांमध्ये नैराश्य जास्त, आणि साथ जसजशी लांबली तसतसे प्रमाण वाढत गेलेले. चीनमध्ये १२ ते १८ वयाच्या ८,०७९ मुलांचा एक अभ्यास २०२० मध्येच झाला होता. त्यातही मुली आणि वरच्या इयत्तांतली मुले जास्त खचलेली दिसली.

दहा वर्षांच्या पोराचे जग म्हणजे आई-बाप, आजा, भाट, मानस. ते जग टाळेबंदीतही त्याच्यापाशीच होते, उलट आजा दिवसभर मोकळा मिळाला. चौदाव्या वर्षी माणूस घरातून बाहेर सरकत असतो. आपण कोण, कुणाला आवडतो, कुणाबरोबर बसतो, हे सगळे मैत्रिणींमध्ये ठरत असते. तिचे तेच जग काढून घेतले गेले. वर मुलगी म्हणून घरातली भांडी, आजीचे औषध, धाकट्याचा अभ्यास हे बहुधा तिच्याकडे आले असेल.

एकटेपणावर २०२० मध्येच एक आढावा प्रसिद्ध झाला, ६३ अभ्यासांचा, ५१,५७६ लोकांच्या माहितीचा. त्यातले दोन मुद्दे मला फार महत्त्वाचे वाटतात. एकटेपणाचा परिणाम नैराश्याच्या रूपाने पुढे नऊ वर्षांपर्यंत दिसू शकतो. आणि एकटेपणा किती तीव्र होता यापेक्षा तो किती काळ टिकला याचा नैराश्याशी संबंध जास्त आहे.

पेडणेकरीण | मंगळवार, सकाळी ६.५०

रात्री हा धागा वाचला आणि झोप लागली नाही. मी लिहिते.

माझे मिस्टर तारवटी, क्रूझ जहाजावर. मार्च २०२० मध्ये जहाजे थांबली आणि ते समुद्रातच अडकले. प्रवासी उतरले, खलाशी नाही. आज उतरवणार, उद्या उतरवणार, अमुक बंदराने परवानगी नाकारली, असे चालले होते. पगार थांबलेला. बँकेचा हप्ता थांबत नव्हता. माझी मुलगी तेव्हा नववी संपवून दहावीत जाणार होती. जहाजावरचे नेट मिळाले की ते रात्री-अपरात्री फोन करायचे आणि माझ्याआधी ती उचलायची. उशाशी फोन घेऊन, कपडेही न बदलता झोपायची. ते घरी आले, क्वारंटाइन संपला, तरी तिची ती सवय गेली नाही. रात्री दोन-तीनपर्यंत जागी, सकाळी ऑनलाइन तासाला डोळे उघडत नाहीत, दुपारी झोप, संध्याकाळी चिडचिड.

सगळे म्हणायचे, बाप तर आला ना परत, आता काय झाले? तेच मलाही कळत नव्हते. बाप आला, पण नोकरी नव्हती. घरात आम्ही दोघे कुजबुजत बोलायचो आणि तिला वाटायचे, आपल्यापासून काहीतरी लपवतात.

मांडवीकाठ ताई, मोबाइलमुळे झाले की झोपेमुळे, की घरातल्या ताणामुळे?

टिपरवाला_डिचोली | मंगळवार, सकाळी ८.१५

पेडणेकरीण बाय, तुमचे वाचून माझेही लिहावेसे वाटले.

आमच्याकडे साथ २०२० मध्ये आली असे म्हणता येणार नाही. आमचे घर २०१८ मध्येच हलले होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींची लीज रद्द केली, मार्चमध्ये खाणी बंद पडल्या. अंगणात दोन ट्रक उभे, चाकांत गवत वाढलेले. कर्ज काढून घेतलेले. मग मी पर्यटकांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागलो, जरा बरे दिवस येत होते आणि मार्च २०२० मध्ये तेही बंद. डिचोली, सत्तरी, सांगेत अशी कितीतरी घरे सापडतील.

मुलगा सोळाचा होता. पोरगा अभ्यासात चांगला. टाळेबंदीत घरी बसून मी पिऊ लागलो नाही, पण शेजारच्या घरात ते झाले आणि रोजचा आरडाओरडा आमच्या भिंतीतून ऐकू यायचा. त्या घरातला पोर माझ्या मुलाच्या वर्गातला. आधी तो संध्याकाळ मैदानावर काढायचा, मग देवळात भजनाला बसायचा, रात्री फक्त झोपायला घरी. आता चोवीस तास त्याच घरात. त्या पोराने बारावी सोडली.

माझे म्हणणे एवढेच की सभेत पैशांबद्दल बोला. पालकांना ते लागेल, पण बोला. घरात पैसा नाही हे मुलांना न सांगता कळते. मग मूल स्वतःच पुस्तक मागायचे थांबते, सहलीला जायचे नाही म्हणते, आणि आपण म्हणतो किती समजूतदार आहे.

मांडवीकाठ | मंगळवार, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

पेडणेकरीण, तुमच्या मुलीच्या बाबतीत मी न भेटता निवाडा देणार नाही, पण क्रम मात्र दिसतो. आधी खरी भीती, बापाच्या जिवाची. त्या भीतीमुळे जागरण. जागरणाने झोपेचे चक्र उलटे झाले. या वयात मेंदूत झोपेचा संकेत मुळातच उशिरा मिळतो, म्हणून शाळेची वेळ नसली की मुले पटकन पहाटेपर्यंत जागू लागतात. झोप बिघडली की मन खचते, मन खचले की झोप आणखी बिघडते. फोन या सगळ्यात होता, पण सुरुवात त्याने केलेली नव्हती.

फोनबद्दल अभ्यासांचा निकाल एकसारखा नाही. मैत्रिणींशी बोलायला, एकत्र अभ्यास करायला वापरलेला फोन पुष्कळ मुलांना तारून गेला. रात्री अंथरुणात इतरांची आयुष्ये नुसती बघत बसायला वापरलेला फोन त्रासाचा ठरला. मी पालकांना विचारते, या फोनने मुलाची कोणती गोष्ट खाल्ली? झोप? खेळ? समोरासमोर बोलणे? जे गेले ते परत आणा. नुसता फोन हिसकावून त्यातले काही परत येत नाही.

टिपरवाले भाऊ, पैशांचे अगदी बरोबर. नोकरी गेलेली, घरात भांडणे किंवा मारहाण, आई किंवा वडील स्वतः नैराश्यात किंवा व्यसनात, घरात मृत्यू, मुलाला आधीपासून असलेला मानसिक त्रास किंवा शिकण्यातली अडचण, अपंगत्व, हे सगळे धोके साथीच्या आधीही माहीत होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार होताच. साथीने नवे धोके थोडेच आणले. जुने धोके दाराआड कोंडले आणि त्यांवरचे उतारे काढून घेतले. तुमच्या शेजारच्या पोराचे मैदान आणि भजन हेच त्याचे औषध होते.

आपल्या गोव्यातलाच एक अभ्यास सांगते. २००८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री'मध्ये आला होता, १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलांचा. त्यात अभ्यासातल्या अडचणी, राहत्या परिसरात असुरक्षित वाटणे, मारहाण किंवा शिवीगाळ सोसलेली असणे, तंबाखू यांचा मानसिक त्रासाशी संबंध दिसला. आणि ज्यांना आधारासाठी आधी घर आठवत होते त्यांच्यात त्रास कमी होता. म्हणजे घर हा सर्वांत मोठा आधार. ज्याचे घरच मोडलेले त्याला टाळेबंदीत जायला जागा उरली नाही.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर इथे येते. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधताना नारळाची एक पेण (घोस) टांगली तर काही होत नाही. पण पेण, निरफणस, तोरिंग, केळीचा घड सगळे एकाच कोपऱ्यात आले की तो कोपरा झुकतो, बाकीची माटोळी सरळ असली तरी. मुलगी असणे हा काही आजार नाही, चौदा वर्षांची असणे नाही, बापाची नोकरी जाणे नाही. एकाच मुलावर किती गोष्टी एकदम आल्या, ते मोजायचे.

सुरंगी | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मी इथे बहुतेक फक्त वाचते. मी २०२१ ची दहावीची बॅच, आता नोकरी करते. त्या वेळी मला खरेच बरे नव्हते, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक स्मार्टफोन होता. मी, माझा भाऊ आणि धाकटी बहीण, तिघांचे तास साधारण एकाच वेळी. दहावी म्हणून मला आधी मिळायचा आणि त्याचे मला वाईट वाटायचे, कारण बहीण रडायची. परीक्षा होणार म्हणाले, मग पुढे ढकलली, मग रद्द झाली. आम्ही शेवटपर्यंत अभ्यास करत होतो. रद्द झाली त्या दिवशी बाकीच्या मुली स्टेटसवर नाचत होत्या आणि मी पुस्तके बांधून माळ्यावर टाकली. मला वाटले, आता मी काय आहे ते कुणाला कधीच कळणार नाही. पुढे अकरावीला प्रवेश घेताना लोक म्हणायचे, "तुम्ही काय बाबा, न परीक्षा देता पास." ते म्हणणारे हसत म्हणायचे.

रडू येत नव्हते. त्यामुळे मला काही झालेय असे मलाच वाटत नव्हते. फक्त कशातच मन लागत नव्हते. मी फुगडीच्या पथकात होते, चतुर्थीत आमचे पथक घरोघर जायचे. २०२० ला गेलो नाही, २०२१ ला मैत्रिणी म्हणाल्या घरातल्या घरात करूया, आणि मला पाय उचलवत नव्हते. आईला वाटायचे आळशी झालेय. सगळ्यांवर ओरडायचे मी. बहिणीवर तर फार.

कुळागर मॅडम, मला शाळेतून कुणीतरी फोन करावा असे वाटायचे. अभ्यासासाठी नव्हे. फोन यायचे, पण "असाइनमेंट का नाही टाकली" असे विचारायला.

कुळागर | मंगळवार, रात्री ८.०५

सुरंगी बाय, तू लिहिलेस म्हणून हा धागा सत्कारणी लागला. आता कशी आहेस? सांगावेसे वाटले तरच सांग.

सुरंगी | मंगळवार, रात्री ८.२०

आता बरी आहे. बारावीत एका शिक्षिकेने मला समुपदेशकांकडे नेले, पुढे बांबोळीला डॉक्टरांना दाखवले. काही महिने गोळ्या होत्या, त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद केल्या. घरात अजून कुणाला सांगितलेले आवडत नाही, म्हणून खऱ्या नावाने लिहीत नाही.

वाळवंटी | मंगळवार, रात्री ९.१५

सत्तरीतून लिहितो. शहरातल्या लोकांना आमचा भाग कळत नाही म्हणून थोडे लांबवतो.

आमच्या गावात रेंज नव्हती. पोरे सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन डोंगरावर चढायची. तिथे एका खडकापाशी दोन काड्या दिसायच्या. पावसात मुली प्लास्टिकची ताडपत्री दोन झाडांना बांधून तिच्याखाली दाटीवाटीने बसायच्या, एका फोनभोवती चौघी. साप, जळवा, सगळे होते. सांग्यातही हेच. गंमत वाटेल, पण त्या डोंगरावर जाणाऱ्या मुलांपेक्षा मला घरात राहिलेल्यांची काळजी जास्त वाटायची. डोंगरावर निदान सोबत होती, चालणे होते, हसणे होते. ज्यांच्याकडे फोनच नव्हता, किंवा ज्या मुलींना घरचे डोंगरावर पाठवत नव्हते, त्या शाळेतून जणू पुसल्या गेल्या. दोघींची लग्ने ठरवली गेली.

आणि २०२१ विसरू नका. मे महिन्यात दुसरी लाट शिगेला, रोज ऑक्सिजनच्या बातम्या, त्यातच १६ मे ला तौक्ते वादळ. कित्येक गावांत वीज गेली ती लवकर आलीच नाही. फोन चार्ज नाही, म्हणजे दवाखान्यात असलेल्या माणसाची खबर नाही. जुलैत पूर आला, म्हादईच्या काठची घरे पडली. एक संपत नाही तोवर दुसरे. मांडवीकाठ ताईंनी लिहिले आहे ना, साथ लांबली तसे प्रमाण वाढले, ते मला अगदी पटले. पहिल्या टाळेबंदीत पोरे पतंग उडवत होती. दुसऱ्या वर्षी गप्प झाली.

मी मुलांना खो-खो शिकवतो. मैदान पुन्हा सुरू झाले तेव्हा पूर्वीचे चपळ गडी धापा टाकत होते. शरीराचे एक वेळ भरून आले. पण काही जण परतलेच नाहीत, त्यांच्या घरी जाऊन मी स्वतः उठवून आणले.

आबोली_म्हापसा | बुधवार, पहाटे ५.३०

रात्रपाळी संपवून लिहितेय. मी परिचारिका. आमच्यासारख्यांच्या मुलांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते.

दुसऱ्या लाटेत मी घरी आले की मागच्या दाराने न्हाणीघरात, तिथून सरळ वेगळ्या खोलीत. मुलगी सतराची. ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. दाराला टकटक करून विचारायची, "आई, आज कितीजण गेले?" मी म्हणायचे, तू जेवलीस का? असा आमचा संवाद. शेजारणी तिला विहिरीवर येऊ देत नव्हत्या. जून २०२० मध्ये वास्कोत मांगोर हिल हा भाग कोविडमुळे बंद केला तेव्हा तिथल्या लोकांना कामावर, दुकानात कसे वागवले ते आपण ऐकले आहे. तसेच, फक्त लहान प्रमाणात.

माझे सासरे त्याच मे महिन्यात गेले. मुलीने त्यांना पाहिले नाही. माणसे जमली नाहीत, तेराव्याला घरात आम्ही चौघे. तिला आजोबांनीच वाढवले होते. तेव्हा ती रडली नाही, वर्षश्राद्धाला रडली. 'लॅन्सेट'मध्ये जुलै २०२१ मध्ये अंदाज आला होता की तोवर जगात पंधरा लाखांहून जास्त मुलांनी आई, वडील किंवा घरात सांभाळणारे आजी-आजोबा गमावले. तो वाचताना मला ती उंबऱ्यापलीकडे उभी दिसायची.

सभेत एक सांगा: ज्या घरात कोणी गेले असेल तिथे मुलांना त्या माणसाबद्दल बोलू द्या. आपण "विषय नको काढायला" म्हणून गप्प बसतो. मुले ती चुप्पी मोठ्यांची आज्ञा समजतात.

जुना मास्तर | बुधवार, सकाळी ९.००

सगळे वाचले. आता दुसरा प्रश्न. या वयात पोरे रुसतात, खोलीत बसतात, उलट बोलतात, हे आम्ही चाळीस वर्षे वर्गात पाहिले. मग कोणते रुसणे साधे आणि कोणते डॉक्टरांकडे नेण्यासारखे?

मांडवीकाठ | बुधवार, दुपारी १.१०

मास्तर, पालक सर्वांत जास्त अडतात ते इथेच.

साधे रुसणे येते आणि जाते. रागावलेली मुलगी आवडीचे काही आले की उठते, मैत्रिणीचा फोन आला की हसते. नैराश्यात ते हसू परत येत नाही. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न किंवा चिडके, आवडत्या गोष्टींत रस नाही, सोबत झोप, भूक, एकाग्रता, थकवा यांत बदल, स्वतःला कमी लेखणे, असे असेल तर दाखवायला हवे. मुलांमध्ये दुःखाऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकते. मोठ्यांच्या आजारात आपण रडणे शोधतो, म्हणून मुलांचे निसटते. सुरंगीने स्वतःबद्दल जे लिहिले ते पुन्हा वाचा, पाठ्यपुस्तकात याहून चांगले वर्णन मिळणार नाही. कुळागर, तुमच्या त्या "शहाण्या" मुलीसारखी मुले तर आणखी निसटतात, कारण ती कुणाला त्रासच देत नाहीत.

पोटदुखी, डोकेदुखी घेऊन मूल वारंवार प्राथमिक आरोग्य केंद्रात येत असेल आणि तपासणीत काही सापडत नसेल, तरी मनाची चौकशी करा.

मरणाचे विचार येतात का, हे विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी दाखवले आहे. शांतपणे, सरळ विचारावे. उत्तर "हो" आले तर मुलाला एकटे सोडू नये, रागावू नये, उपदेश करू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. बांबोळीला मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) ही तिथेच. "वेड्यांचे हॉस्पिटल" म्हणून लोक बिचकतात. तिथे येणाऱ्यांत परीक्षेच्या ताणाने झोप उडालेली मुलेही असतात, हे सभेत मुद्दाम सांगा.

उपचाराबद्दल भीती आहे म्हणून थोडे. सौम्य त्रासात बहुतेक वेळा बोलण्याचे उपचार पुरतात. गोळ्या लागल्या तर त्या मनोविकारतज्ज्ञांनीच द्यायच्या, सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवायचे, आणि आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आपल्या गोव्यात 'संगात' ही संस्था १९९६ पासून आहे. तिने इथल्या आरोग्य केंद्रांतच दाखवले की प्रशिक्षण दिलेली साधी माणसे, डॉक्टर नव्हेत, नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत करू शकतात. तो अभ्यास प्रौढांचा होता, पण त्यातली मुख्य गोष्ट मी मुलांबरोबरही वापरते: मन लागण्याची वाट न पाहता, आधी आवडणारे एखादे छोटे काम ठरवून करायचे, मग त्याची नोंद ठेवायची. वाळवंटी घरी जाऊन पोरांना मैदानावर आणतात, ते याहून वेगळे नाही.

टिपरवाला_डिचोली | बुधवार, दुपारी ३.४०

मांडवीकाठ ताई, काही मुले टाळेबंदीत सुधारली असेही ऐकतो. ते कसे?

मांडवीकाठ | बुधवार, संध्याकाळी ६.२०

खरे आहे. ज्यांना शाळेत छळले जायचे, ज्यांना वर्गाची धास्ती होती, त्यांतल्या काहींना घरी हायसे वाटले. त्यांचा खरा त्रास शाळा उघडल्यावर सुरू झाला. म्हणून शाळा उघडली म्हणजे धोका टळला असे धरू नये.

कुळागर | बुधवार, रात्री १०.००

मंडळी, माझ्या अर्ध्या तासाचा आराखडा बराचसा तुम्हीच करून दिलात.

आकडे मी दोनच सांगेन. मग टिपरवाले भाऊ म्हणतात तसे पैशांवर बोलेन, आणि आबोलीताईंचे दुःखाबद्दलचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगेन, परवानगी असेल तर. फोनसाठी मांडवीकाठ ताईंचा प्रश्न घेते: याने कोणती गोष्ट खाल्ली?

शिक्षकांच्या बैठकीत वेगळा मुद्दा मांडणार आहे. शाळा बंद झाली तेव्हा मुलाला रोज पाहणारे बाहेरचे डोळे गेले: शिक्षक, पीटी सर, बसचा कंडक्टर, देवळातले भजनी, फुगडीच्या बायका. घरात काही बिघडले तर ते आधी याच माणसांना दिसते. म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकाकडे आतापासून एक यादी असावी: कुणाच्या घरी फोन नाही, कुणाचे वडील बाहेरगावी किंवा बोटीवर, कुणाच्या घरात नुकतेच कोणी गेले, कुणाला आधीपासून त्रास आहे, कुणाच्या घरी भांडणे आहेत. यादी शिक्षकापाशीच राहील, फळ्यावर किंवा ग्रुपवर जाणार नाही. ज्या नावापुढे तीन-चार खुणा असतील तिथे पहिला फोन, आणि त्या फोनवर असाइनमेंटचा शब्द काढायचा नाही. मुख्याध्यापक म्हणतील शिक्षकांना वेळ कुठे आहे. एका वर्गात अशी मुले पाच-सहाच निघतील, त्यांच्यासाठी वेळ काढता येतो असे माझे ठाम मत आहे.

आबोली_म्हापसा | बुधवार, रात्री १०.४०

परवानगी आहे. माझ्या मुलीलाही विचारले, ती म्हणाली सांगू दे.

वाळवंटी | गुरुवार, सकाळी ७.१५

ताई, हीच सभा वाळपईला घ्याल का? आमच्या शाळेचे सभागृह मिळेल. रविवारी ठेवा, म्हणजे कामावर जाणारे बापही येतील. आयांना नेहमीच बोलावतो, बाप येत नाहीत.

जुना मास्तर | गुरुवार, सकाळी ८.३०

वाळपईला मीही येईन. नातीला काल विचारले, तेव्हा तुला कसे वाटायचे? ती आता कॉलेजात आहे. ती बराच वेळ बोलली. तिचे काही मुद्दे मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, तिने तेवढीच मुभा दिली आहे.

कुळागर | गुरुवार, सकाळी ८.५५

वाळवंटी, नक्की येते. दोन रविवार सुचवा आणि तिथल्या समुपदेशकांचा क्रमांक निरोपातून पाठवा, आधी त्यांच्याशी बोलून घेते. सुरंगी बाय, तुझी ती फोनची ओळ मी शिक्षकांसमोर वाचणार आहे, नाव न घेता. चालेल ना?

सुरंगी | गुरुवार, दुपारी १२.१०

चालेल मॅडम. आणि त्यात हेही घाला की फोन आईबाबांना नको, मुलीच्या हातात द्यायला सांगा.